पडद्यामागचं बिऱ्हाड

पत्राचा सारांश, नाव-गाव वगळून:

पत्रलेखिका ५६ वर्षांच्या, यजमान ५९. माहेर सांगली जिल्ह्यातलं, साखर कारखान्याच्या कॉलनीतलं. वडील कारखान्याच्या शेतकी विभागात होते. सासर पुण्याचं. सव्वीस वर्षं न्यू जर्सीत गेली, दोघंही आता अमेरिकन नागरिक. यजमानांची आयटीतली नोकरी गेली आणि दीड वर्ष अर्ज करूनही दुसरी मिळाली नाही. शेवटी टाउनहाउस विकलं, कर्ज फेडलं, आणि पिकअपच्या मागे जोडायची जुनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ज्याला तिकडे फिफ्थ व्हील म्हणतात ती, घेऊन दोघं निघाले. गेले सोळा महिने हंगामी कामं करत फिरताहेत. उन्हाळ्यात साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समधलं एक कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू-आरव्हीवाल्या पर्यटकांचा तळ, ऑक्टोबरात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटाची काढणी, हिवाळ्यात ॲरिझोना. आता पुन्हा बीट तोंडावर आलंय.

भारतात कुणालाच हे माहीत नाही. "अमेरिका दर्शन चाललंय" असं सांगितलंय. व्हिडिओ कॉलच्या वेळी बाई मागे फक्त पडदा दिसेल अशा बेताने बसतात. आणि आता मोठे दीर आणि जाऊबाई पुढच्या मे महिन्यात दोन महिन्यांसाठी येतो म्हणताहेत. मुलगी म्हणते, आमच्या बेसमेंटमध्ये या. ते बाईंना नको. यजमान म्हणतात, "त्यात लपवण्यासारखं काय आहे?" बाईंना वाटतं, आता तरी एखादं अपार्टमेंट भाड्याने घ्यावं. त्या विचारतात: यांना कसं पटवू? आणि पाहुण्यांना काय सांगू?

*

आधी पाहुण्यांचं. ते मे महिन्यात येणार आणि अजून तिकिटं काढलेली नाहीत. म्हणजे आठ महिने हाताशी आहेत. केवळ जाऊबाईंना दाखवायला म्हणून वर्षभराच्या भाड्याचा करार करू नका, एवढं आजच सांगते. सासरची माणसं दोन महिने राहून जातील, भाडं तुम्ही बारा महिने भराल.

तुमचे मिस्टर म्हणतात, लपवण्यासारखं काय आहे. बरोबरच म्हणतात. पण मग सोळा महिन्यांत त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला का सांगितलं नाही? पडदा तुम्ही लावता हे खरं, पण त्या पडद्याआड दोघंही बसलेले आहात. त्यामुळे "यांना कसं पटवू" हा प्रश्न मला जरा उलटा वाटतो. कदाचित त्यांनाही तेच बोचतंय, आणि तुम्ही गप्प राहता म्हणून त्यांना गप्प राहायची सोय झालीये. हे त्यांना एकदा विचारा, भांडणाच्या सुरात नको. दीर त्यांचे भाऊ आहेत, तेव्हा दीरांना त्यांनीच सांगायचं. जाऊबाईंसमोर तुम्ही कबुलीजबाब द्यायचा आणि मिस्टर गाडीचा टायर तपासायला बाहेर, असं व्हायला नको.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. पानभर टँक, वीज आणि थंडीबद्दल लिहून मध्येच तुम्ही लिहिलंय, "लहानपणी कॉलनीच्या भिंतीवरून आम्ही ऊसतोड्यांच्या कोपी बघायचो. आई म्हणायची, तिकडे जाऊ नका. आता मीच तिकडच्या बाजूला आहे." आणि पुढच्या ओळीत लगेच प्रोपेन गॅसच्या भावाकडे वळलात.

मीही साखरेच्या पट्ट्यातली आहे. दसरा झाला की बैलगाड्यांची रांग, गाडीत भांडी, पोरं, कोंबड्या. त्यामुळे हे वाक्य कुठून आलं ते मला कळतं. पण ते सरसकट खरं नाही, आणि का खरं नाही ते नीट बघितल्याशिवाय तुमच्या मनातलं ओझं हलणार नाही. बीडहून येणारं कुटुंब मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येतं. ती फिटेपर्यंत त्यांना फडावरून हलता येत नाही, पोरांची शाळा बुडते, कोपीला ना वीज ना संडास. तुमच्यावर उचल नाही. उद्या सकाळी आरव्ही पिकअपला जोडून तुम्ही निघालात तर कुणी अडवणार नाही, मुलीचं बेसमेंट तयार आहे, बँकेत घराच्या विक्रीतले पैसे आहेत. त्यांच्या हालांशी आपली तुलना करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

तरी एका बाबतीत तुमचं वाक्य अगदी नेमकं लागू पडतं, आणि ते तुमच्या लक्षात आलंय की नाही मला शंका आहे. आपल्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून "एक कोयता" मोजतात. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाई दिवसभर ऊस तोडते, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण हिशेबाच्या वहीत ती वेगळी नसते. तुम्ही लिहिलंय, "कॅम्पग्राउंडला कपल हवं असतं. दोघांचे मिळून आठवड्याला ४० तास, बदल्यात जागा, वीज, पाणी." बाई, हा कोयताच झाला की!

जरा आकडे मांडू. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे ती जागा बाहेरच्या माणसाला महिन्याला ७०० डॉलरला मिळते. आठवड्याचे ४० तास म्हणजे महिन्याचे साधारण १७३. सातशेला १७३ ने भागलं तर तासाला चार डॉलर आणि वर थोडी चिल्लर. अमेरिकेचं संघीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय, आणि तेही कमी म्हणून अनेक राज्यांनी स्वतःचं वाढवलंय. तुम्ही त्याच्याही बऱ्याच खाली काम करत होतात. हेच दोघांचे मिळून २० तास असते तर तासाला आठ डॉलर पडले असते, आणि तो व्यवहार निदान संघीय किमानाच्या वर तरी राहिला असता. त्यापुढचे तास रोख पगारावर देणारी कॅम्पग्राउंडं असतात. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: जागेपोटी किती तास, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तासाला काय? उत्तर ईमेलवर मागायचं. फोनवर माणसं फार गोड बोलतात.

त्याच ईमेलमध्ये आणखी काही विचारून घ्या. विजेचं मीटर वेगळं आहे का. दोघांना सुट्टी एकाच दिवशी मिळेल का. एक जण आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचे तास भरायचे का. काम करताना लागलं तर विमा कुणाचा. हंगाम संपेपर्यंत थांबल्यास बोनस असेल तर तो नेमका कधी हातात पडतो. आणि शक्य असेल तर गेल्या वर्षी तिथे असलेल्या जोडप्याशी एकदा बोला. मालक त्यांचा नंबर द्यायला काचकूच करत असेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

चाळीस तास "दोघांचे मिळून" होते, पण वाटणी कशी झाली? तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं: मिस्टर गवत कापायचं मशीन चालवतात, ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करतात, सगळ्यांशी गप्पा मारतात, आणि सगळ्यांचे लाडके आहेत. तुम्ही दिवसातून दोनदा स्वच्छतागृहं आणि शॉवर धुता. मग आरव्हीत येऊन स्वयंपाक करता. त्यांना हे आयुष्य मोकळं वाटतं आणि तुम्हाला कोंडल्यासारखं वाटतं, याचं कारण चाकं असतील असं मला वाटत नाही. तुमच्या दोघांच्या नोकऱ्याच वेगळ्या आहेत! हे कुणी ठरवलं? बहुधा कुणीच नाही. मॅनेजरने पहिल्या दिवशी झाडू तुमच्या हातात दिला आणि किल्ल्या त्यांच्या, आणि ते तसंच चालू राहिलं.

स्वच्छतागृहं धुण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण हे "अमेरिका दर्शन" तुम्ही ज्या गोष्टीसाठी रचलंत ती तीच आहे ना? आरव्हीत राहतो हे तर जाऊबाईंना मिरवून सांगता आलं असतं. हल्ली पुण्यातलीही माणसं हौसेने कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात जातात. जाऊबाई येतील आणि मला बादली घेऊन जाताना बघतील, हे चित्र तुम्हाला नको आहे. असं असेल तर अपार्टमेंट हा त्यावरचा इलाज नाही. आधी ते काम बदलून बघा, निदान निम्मं तरी. एक आठवडा तुम्ही ऑफिसात, ते शॉवरला. मिस्टरांना ही अदलाबदल जड गेली तर तेही कळलेलं बरं.

याउलट बीटाबद्दल तुम्ही लिहिलंय तेव्हा तुमचं अक्षर जरा मोठं झालंय, हे सांगू का? बारा-बारा तासांच्या पाळ्या, चिखल, रात्री हाडं गोठवणारा वारा, सगळं लिहिलंयत, पण तक्रार केलेली नाही. ट्रक रिकामा होताना नमुन्याची पिशवी भरायचं काम तुमच्याकडे होतं. ती पिशवी प्रयोगशाळेत जाते, तिच्यावरून त्या शेतकऱ्याच्या बीटात साखर किती आणि माती किती ते ठरतं, आणि त्याच्या पैशात ते उतरतं. आपल्याकडे उसाचा दर वजनावर आणि अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती साखर निघते त्यावर. इथे ज्याचा त्याचा उतारा मोजतात. शेतकी विभागात उभी हयात काढलेल्या तुमच्या वडिलांना हे ऐकून किती प्रश्न पडले असते! रेड रिव्हरच्या त्या खोऱ्यातला सगळ्यात मोठा साखर उद्योगही १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे. आणि ऊस तोडल्यावर थांबत नाही, लगेच गाळावा लागतो, तर हे बीट मात्र डोंगरासारखे ढीग घालून उघड्यावर गोठू देतात आणि महिनोनमहिने पुरवून पुरवून साखर काढतात. म्हणूनच हवा गरम झाली की काढणी बंद. गरम बीट ढिगात सडतं.

हे मी उगाच लिहीत नाही. ज्या कामात पगार तुमच्या नावाचा होता, तास तुमच्या नावाचे होते आणि कामाचा अर्थ तुम्हाला कळत होता, तिथे थंडी-वाऱ्यातही तुम्हाला लाज वाटली नाही. जिथे तुम्ही जोडीतलं अर्धं माणूस होता, तिथे वाटली.

यातून पुढे पैशाचा एक मुद्दा निघतो. त्यावर जरा जास्त थांबते, कारण अशाच परिस्थितीतल्या इतर बायकांनाही तो लागू आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत तुम्हाला कामाची परवानगी नव्हती, नंतर डे-केअरमध्ये आठ वर्षं काम केलंत. सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनसाठी, स्वतःची ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. म्हणजे डे-केअरमधून तुमच्याकडे फार तर बत्तीस आली असतील. जागेच्या बदल्यात केलेल्या कामातून, त्याची पगार म्हणून नोंद झालेली नसेल तर, एकही मिळालेलं नाही. दोन उन्हाळे शॉवर धुतलेत, आणि सरकारी नोंदीत तुम्ही घरी बसलेल्या आहात. बीटाचा पगार मात्र नोंदीत येतो. आणि क्रेडिट कमाईवर मोजतात, महिन्यांवर नाही. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलर कमाई लागत होती, ती तीन आठवड्यांत करा नाहीतर वर्षभरात. त्यामुळे छोटा पण पगारी हंगामही उपयोगी पडतो.

नवऱ्याच्या नोंदीवर तुम्हाला त्यांच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतं, आणि तुमची स्वतःची रक्कम त्याहून कमी भरली तर महिन्याच्या चेकमध्ये फार फरक पडणारही नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण उद्या पाठ किंवा गुडघा कायमचा गेला तर अपंगत्वाचं संरक्षण मिळण्यासाठी स्वतःचं अलीकडचं पगारी काम मोजतात. शॉवरच्या ओल्या फरशीवर वावरणाऱ्या बाईने हे विसरू नये. सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर खातं उघडून तुमची नोंद बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

मिस्टर म्हणतात, बासष्टला पेन्शन सुरू केली की झालं. सांभाळून. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण वय ६७ आहे. बासष्टला घेतलं तर रक्कम ३० टक्क्यांनी कमी होते आणि ती कायमची कमी राहते. त्यांच्या पश्चात तुम्हाला मिळायच्या रकमेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. हा निर्णय त्यांचा एकट्याचा नाही, एवढं त्यांना सांगायला हरकत नाही.

आरोग्य विम्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, "न्यू जर्सीचाच चालू ठेवलाय, मुलीच्या पत्त्यावर." मला हीच ओळ सगळ्यात जास्त काळजीची वाटली. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ६५ ला. म्हणजे त्यांना सहा वर्षं आणि तुम्हाला नऊ वर्षं काढायची आहेत. एका राज्यातलेच डॉक्टर-दवाखाने चालणाऱ्या विम्यावर ॲरिझोनात तातडीचं म्हणजे इमर्जन्सीचं बिल भागेल, पण तुमच्या रक्तदाबाची साधी तपासणी बहुधा भागणार नाही. आणि तुम्ही लिहिलंयच की गेल्या हिवाळ्यात गोळ्या एक दिवसाआड घेतल्यात. असं करू नका! देशभर शाखा असलेल्या औषध दुकानात प्रिस्क्रिप्शन ठेवा, म्हणजे गाव बदललं तरी गोळ्या मिळतात. जिथे वर्षाचे सगळ्यात जास्त दिवस जातात तिथला पत्ता आणि तिथला विमा असावा का, याचा यंदा नोंदणीच्या दिवसांत, १ नोव्हेंबरपासून, नीट विचार करा. कायम आरव्हीत राहणारे बरेच जण साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडाचा पत्ता घेतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. पण कर वाचवायला घेतलेल्या पत्त्यावर विमा तोकडा मिळाला तर काय कमावलं? लायसन्स, मतदान, गाडीची नोंदणी, विमा, सगळं एकाच राज्यात असू द्या, आणि हे एकदा पैसे मोजून कर सल्लागाराला विचारा. तुम्ही तीन राज्यांत फिरता. ज्या राज्यात पगार मिळाला तिथलं रिटर्नही भरावं लागू शकतं.

(जाता जाता इतर वाचकांसाठी. तुम्ही दोघं नागरिक आहात म्हणून हे सगळं शक्य आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कुणी नोकरी गेल्यावर "आपणही कॅम्पग्राउंडवर काम करू" असा विचार करू नये. तो व्हिसा त्या मालकाच्या त्या कामापुरताच असतो, आणि पगाराऐवजी जागा मिळाली तरी ते कामच. ग्रीन कार्डवाल्यांना काम करता येतं, पण पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं.)

स्वयंपाकाचं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, तेव्हा ते किरकोळ नाही. मी आरव्हीत जेमतेम नऊ दिवस राहिले आहे, तेही सुट्टीत, आणि दुसऱ्याच दिवशी मोहरी तडतडल्याबरोबर अलार्म कोकलला होता. तुमचे मिस्टर त्यातली बॅटरी काढून ठेवतात असं लिहिलंय. ते आधी बंद करायला लावा. धुराचा अलार्म वरती असतो, प्रोपेनचा जमिनीलगत असतो कारण तो गॅस हवेपेक्षा जड, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. गॅसची शेगडी पेटवून घर गरम करायची सवय असेल तर तीही सोडा. त्यापेक्षा दोन बर्नरची शेगडी बाहेर छपराखाली मांडा आणि फोडणी, तळण, भाकरी बाहेरच करा. आतल्या भिंतींना तेलाचा थर बसत नाही आणि कुकरच्या वाफेने खिडक्यांना ओल धरत नाही. बेसनाचं, तेलाचं खरकटं पुसून कचऱ्यात टाका. सिंकमधून ते ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत, गेलं की वास महिनाभर बोलतो. वीज ३० अँपिअरची असेल तर हिशेब ३,६०० वॉटचा. एसी चालू, त्यात इन्स्टंट पॉट लावला आणि वर मायक्रोवेव्ह दाबला की अंधार होणारच, त्यात तुमची चूक नाही.

आता अपार्टमेंटबद्दल. माझं मत विचारलंत म्हणून सांगते. एवढ्यात आरव्ही विकू नका, आणि ती विकायची नाही असंही ठरवू नका. बसल्या जागी तिची किंमत रोज घटतेय, आणि पुन्हा घर मांडायचं तर डिपॉझिट आणि वर काही महिन्यांचं भाडं लागेल. तेवढे पैसे दोघांच्या नावे वेगळ्या खात्यात टाका आणि डिझेलला पैसे कमी पडले तरी त्यांना हात लावायचा नाही असं ठरवा. ते खातं असलं की पुढची चर्चा घाबरून होणार नाही. हंगामी कामाचा भरवसा किती धरायचा, हेही लक्षात ठेवा. अमेझॉनने २००८ पासून आरव्हीवाल्यांसाठी गोदामांत खास हंगामी भरती चालवली होती, हजारो लोक दरवर्षी तिच्यावर वर्षाचं गणित बसवायचे, आणि कंपनीने ती बंद केली. तुमचं बीट चालू आहे, पण ५९ व्या वर्षी बारा तास उभं राहणं आणि ६६ व्या वर्षी उभं राहणं यात फरक आहे.

मग या हिवाळ्यात एक प्रयोग करून बघा. ॲरिझोनात गाव बदलत राहण्याऐवजी जानेवारी ते मार्च फिनिक्सच्या आसपास एकाच ठिकाणी राहा. तिथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत. तीन महिने एकच डॉक्टर, एकच ग्रंथालय, शनिवारी कुणाकडे तरी वरण-भात. परवडत असेल तर त्यातला एक महिना लहानसा फ्लॅट घ्या आणि आरव्ही स्टोरेजमध्ये ठेवा. भिंतींमध्ये राहून तुम्हाला बरं वाटतं की आणखी कोंडल्यासारखं वाटतं, ते तेव्हा कळेल. मार्चअखेर दोघांनी बसून पुढचं ठरवा. बसताना हाताशी तुमचे तास, तुमचा पगार आणि तुमचं रक्तदाबाचं कार्ड असू द्या. मिस्टरांचा चेहरा उजळलाय, कुणाचाही टायर तपासून देतात, ही तुमची ओळ मी विसरलेले नाही. दीड वर्ष घरात बसून "खेद आहे" अशी ईमेलं वाचणाऱ्या माणसाला त्या गाडीने उभं केलंय. म्हणूनच त्यांनी झाडू हातात घ्यायला हवा.

मुलीचं बेसमेंट "मुलीकडे कसं राहायचं" म्हणून तुम्ही एका फटक्यात नाकारलंत. मुलगा असता तर हेच म्हटलं असतंत का, एवढंच विचारते. कायमचं नाही, पण दीर-जाऊबाई दोन महिन्यांतले पहिले पंधरा दिवस पुतणीकडे राहिले, तर त्यात वावगं काय आहे? पुढे त्यांना तुमच्या कॅम्पग्राउंडवर बोलवा. बऱ्याच ठिकाणी छोट्या केबिन भाड्याने मिळतात, काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांना सवलत आहे का ते विचारा. फिफ्थ व्हीलमध्ये चार माणसं कोंबू नका. संडासाचा टँक दोन दिवसांत भरेल, आणि तो रिकामा करायचा पाइप मोठ्या दिरांच्या हातात द्यायची वेळ येईल.

सांगायचं मात्र आत्ताच, तिकिटं काढायच्या आधी. विमानातून उतरल्यावर कळलं तर त्यांना वाटेल आपल्याला फसवलं. आत्ता कळलं तर फार तर दोन दिवस वाईट वाटेल आणि मग प्रश्न सुरू होतील, "संडासाचं काय करता गं?" या प्रश्नाची तयारी ठेवा, तो पहिला येतो.

काय सांगायचं याचीही फार जुळवाजुळव नको. नोकरी गेली, घर विकलं. तुम्ही पत्रात "घर गेलं" लिहिलंय. ते गेलं नाही. तुम्ही दोघांनी सही करून विकलंत आणि कर्ज फेडलंत. आता या गाडीत राहतो, उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवर आणि पावसाळा संपताना साखर कारखान्याच्या कामाला जातो. "साखर कारखाना" म्हटलं की सांगलीकडच्या माणसाला पुढचं फार समजवावं लागत नाही.

१ ऑक्टोबरपासून तुमच्या पाळ्या लागतील. मध्ये केव्हातरी पाऊस पडेल, नाहीतर ऊन चढेल, आणि काम थांबल्याचा निरोप येईल. गेल्या वर्षी अशा तीन दिवशी तुम्ही नुसत्या झोपून होतात. यंदा त्यातल्या एका सकाळी मिस्टरांना फोन लावायला सांगा. तिथले नऊ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात, दीर जेवायला बसायच्या आत. त्यांनी बोलायला सुरुवात केली की तुम्ही शेजारी बसा, आणि त्याआधी मागचा पडदा बाजूला करून ठेवा. खिडकीतून बीटाचा ढीग दिसत असेल तर तोही दिसू दे.